नव्या सहयोगाची बातमी ग्राहकांना ईमेलने कशी कळवावी

दोन व्यवसाय एकत्र काम करायचे ठरवतात, करारावर सह्या होतात, कार्यालयात पेढे वाटले जातात आणि मग कोणीतरी म्हणते, "आता सगळ्या ग्राहकांना एक मेल टाकून द्या." या 'टाकून द्या'मध्येच पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ असते. मुंबईतील लहान आणि मध्यम व्यवसायांसाठी ग्राहकांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आले आहे. सहयोगाची घोषणा हा त्यातला सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वाधिक वेळा बिघडणारा प्रकार आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तो बिघडतो, कारण मेल पाठवणाऱ्याच्या मनात स्वतःचा आनंद असतो आणि वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: माझे यात काय बदलणार आणि काय पूर्वीसारखेच राहणार? या प्रश्नाचे उत्तर पहिल्या चार ओळींत मिळाले नाही, तर उरलेला मजकूर कितीही देखणा असला तरी तो वाचला जात नाही.

एक प्रसंग सांगते. सोसायट्यांच्या आणि लहान कार्यालयांच्या एसींची देखभाल करणाऱ्या एका व्यवसायाने दुसऱ्या संस्थेशी करार केला. पूर्व उपनगरांतील काही तक्रारींवर त्या संस्थेचे तंत्रज्ञ जाणार होते. मेलचा मसुदा मीच लिहिला होता. त्यात सहयोगी संस्थेचा अनुभव, तिचे प्रशिक्षित मनुष्यबळ, दोन्ही बाजूंची सामायिक मूल्ये असे सर्व काही होते. येणारा माणूस वेगळ्या गणवेशात आणि वेगळ्या नावाच्या ओळखपत्रासह येईल, ही एक ओळ मात्र राहून गेली. एप्रिलच्या उकाड्यात मुलुंडच्या एका सोसायटीच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने त्या तंत्रज्ञाला अडवले, तक्रार करणाऱ्या आजींनी "आम्ही यांना बोलावलेच नाही" असे सांगितले आणि तो माणूस परत गेला. रक्षकाचे काही चुकले नव्हते आणि आजींचेही नव्हते. तेव्हापासून मसुद्याला हात लावण्याआधी मी एक दिवस केवळ प्रश्न गोळा करण्यात घालवते.

हे प्रश्न मालकाकडून मिळत नाहीत. ते फोन उचलणाऱ्या मुलीकडून, बिले काढणाऱ्या लेखापालाकडून आणि प्रत्यक्ष ग्राहकाच्या दारात उभे राहणाऱ्या माणसाकडून मिळतात. तक्रार कोणत्या क्रमांकावर करायची? चालू एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपेपर्यंत जुनेच दर राहतील ना? आगाऊ भरलेल्या पैशांचे काय? काम बिघडले तर जबाबदार कोण, तुम्ही की ते? नेहमीचा माणूस आता येणारच नाही का? मुंबईत या शेवटच्या प्रश्नाला फार वजन आहे, कारण दहा वर्षे घरात येणारा तंत्रज्ञ हाच अनेकांच्या दृष्टीने तो व्यवसाय असतो. या प्रश्नांची उत्तरे दोन्ही भागीदारांनी एकाच शब्दांत दिल्याशिवाय मेल लिहायला बसू नये. उत्तर ठरलेले नसेल, तर अपुरा मसुदा हा दोष नसून करारच अजून अपुरा आहे, असे समजावे.

'भागीदारी' हा शब्द जपून वापरावा

इंग्रजी मसुद्यावरून मराठी मेल तयार करताना 'भागीदारी' हा शब्द सहज लिहिला जातो. मराठी व्यवहारात मात्र भागीदार म्हणजे नफ्यातोट्यात वाटा असलेला माणूस. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ मधील कलम २८ नुसार, एखाद्याने स्वतःला संस्थेचा भागीदार म्हणून दर्शवले किंवा जाणूनबुजून तसे दर्शवू दिले आणि त्यावर विसंबून कोणी त्या संस्थेला उधारी दिली, तर त्या उधारीबाबत तो भागीदाराप्रमाणेच जबाबदार ठरू शकतो. आपला करार केवळ एकमेकांच्या सेवा विकण्याचा, माल पोहोचवण्याचा किंवा तंत्रज्ञ पुरवण्याचा असेल, तर 'सहयोग', 'सहकार्य' किंवा लोक रोज वापरतात तो 'टाय-अप' हा शब्द पुरेसा आणि अचूक आहे. खरोखर नवा भागीदार संस्थेत येत असेल किंवा जुना निवृत्त होत असेल, तर ती गोष्ट ग्राहकांना ईमेल पाठवून संपत नाही. निवृत्तीच्या किंवा विसर्जनाच्या वेळी त्याच अधिनियमाच्या कलम ७२ प्रमाणे जाहीर सूचना द्यावी लागते आणि नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत त्यात निबंधकांना कळवणे, शासकीय राजपत्र आणि स्थानिक भाषेतील वृत्तपत्र हे तिन्ही येतात. मसुदा वकिलांना दाखवण्याचा खर्च येथे वाचवू नये.

सहयोगी संस्था शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. महत्त्वाच्या करारांची माहिती अशा कंपनीला आधी शेअर बाजाराला द्यावी लागते. म्हणून मेलची तारीख आणि वेळ त्यांच्या अनुपालन अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावी. आपल्या उत्साहात दोन तास आधी गेलेला मेल त्यांना अडचणीत आणू शकतो.

मेल कोणाला पाठवू नये

सर्वांना एकच मेल हा आळसाचा मार्ग आहे. वर्षाच्या उलाढालीतला मोठा हिस्सा ज्या पाच-सात ग्राहकांकडून येतो, त्यांना आधी फोन जावा आणि मेल त्या बोलण्याची लेखी नोंद म्हणून जावा. मोठ्या कंपन्यांशी, रुग्णालयांशी किंवा बँकांशी झालेल्या करारांत 'लेखी संमतीविना काम दुसऱ्याकडे सोपवू नये' असे कलम अनेकदा असते. अशा ग्राहकाला घोषणा पाठवणे म्हणजे करारभंगाची कबुली स्वतःच्या हाताने देणे होय. त्याला संमती मागणारे पत्र पाठवावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ज्याचा आपल्या नव्या सहयोगी संस्थेशी पूर्वी वाद झाला आहे, असा ग्राहकही यादीत असू शकतो. मुंबईतील एका क्षेत्रातले लोक एकमेकांना ओळखतात, लोहार चाळीतल्या दुकानदाराला मशीद बंदरमधली बातमी संध्याकाळपर्यंत कळलेली असते. त्यामुळे यादी दोन्हीकडच्या जुन्या माणसांच्या नजरेखालून घालावी.

बिल, जीएसटी आणि बँक खाते

ग्राहक स्वतः व्यावसायिक असेल, तर त्याच्या लेखापालाच्या दृष्टीने संपूर्ण मेलमध्ये एकच ओळ महत्त्वाची असते: बिल कोणाच्या नावाने येणार. बिल सहयोगी संस्था काढणार असेल, तर त्यावरचा जीएसटी क्रमांक बदलतो आणि पुरवठादाराने विवरणपत्रात दाखवलेले बिल ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या ऑनलाइन तपशिलात उमटल्याशिवाय त्याला त्यावरील कराची वजावट मिळत नाही. खरेदी आदेश जुन्या नावाने आणि बिल नव्या नावाने, अशी स्थिती झाली की पैसे अडकतात. मोठ्या कंपन्यांत नव्या पुरवठादाराची नोंदणी व्हायलाच काही आठवडे जातात. म्हणून बिलाचे नाव बदलणार असेल, तर जीएसटी क्रमांक, पॅन, बदलाची तारीख आणि त्या तारखेआधीच्या कामांचे बिल कोण देणार, हे सर्व लेखा विभागासाठीच्या स्वतंत्र मेलमध्ये लिहावे. बदलणार नसेल, तर तेही शब्दांत लिहावे, कारण 'काही बदल नाही' हे वाक्य लिहिल्याशिवाय कोणीही गृहीत धरत नाही.

बँक खात्याबद्दल मी फार आग्रही आहे. 'आमच्या नव्या भागीदाराच्या खात्यात पैसे भरा' अशा अर्थाचा मेल ही भामट्यांची नेहमीची युक्ती आहे आणि आपली खरी घोषणा दिसायला अगदी तशीच असते. म्हणून घोषणेच्या मेलमध्ये नवा खाते क्रमांक कधीही देऊ नये. खाते बदलणारच असेल, तर तो क्रमांक शिक्का-सहीच्या पत्राने द्यावा आणि 'खात्री करण्यासाठी आपल्याकडे आधीपासून असलेल्या आमच्या जुन्या क्रमांकावर फोन करावा' असे मेलमध्ये सांगावे. ओटीपी, पासवर्ड किंवा केवायसीची कागदपत्रे मागणारी ओळ तर चुकूनही नसावी. आपल्या नावाने खोटा मेल फिरू लागल्याचे कळले, तर ग्राहकांना त्याच दिवशी सावध करावे आणि ज्याचे पैसे गेले असतील त्याला १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायला सांगावे.

प्रत्यक्ष मसुदा

'आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे' या सुरुवातीला माझा विरोध आहे. ती चुकीची नाही, पण फोनच्या पडद्यावर विषयाशेजारी मजकुराचे जे पहिले काही शब्द दिसतात, ते या वाक्यात वाया जातात. विरार लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने मेल चाळणाऱ्या माणसाला विषयाचे पाच-सहा शब्दच दिसतात. 'एका नव्या पर्वाची सुरुवात' हा विषय त्याला काहीच सांगत नाही. वरच्याच एसी देखभालीच्या व्यवसायासाठी आज मी असा मजकूर लिहीन:

विषय: आपल्या एसी देखभालीत १ मार्चपासून एक बदल

सप्रेम नमस्कार,

येत्या १ मार्चपासून मुलुंड ते दादर या पट्ट्यातील एसीच्या तक्रारींसाठी आमच्या तंत्रज्ञांबरोबरच (सहयोगी संस्थेचे नाव) या संस्थेचे तंत्रज्ञही आपल्याकडे येतील. उन्हाळ्यात तक्रारी वाढतात आणि आमची माणसे अपुरी पडतात, हा गेल्या वर्षी आपणांस झालेला त्रास कमी व्हावा, हा यामागचा हेतू आहे.

आपला वार्षिक करार, त्याची मुदत, दर आणि तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक यांत कोणताही बदल नाही. बिल पूर्वीप्रमाणे आमच्याच नावाने येईल आणि रक्कम आमच्या पूर्वीच्याच बँक खात्यात भरावयाची आहे. कामाची संपूर्ण जबाबदारी आमचीच राहील.

सहयोगी संस्थेच्या तंत्रज्ञाचा गणवेश निळा असेल आणि ओळखपत्रावर दोन्ही संस्थांची नावे असतील. त्याचे नाव भेटीच्या आधी आपल्या मोबाइलवर कळवले जाईल. कृपया प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षकांना याची कल्पना द्यावी.

भेटीपुरता आपला पत्ता आणि मोबाइल क्रमांक त्या तंत्रज्ञाला देण्यास आपली संमती असल्यास या मेलला 'संमत' असे उत्तर द्यावे. उत्तर न आल्यास आपल्याकडे पूर्वीप्रमाणे आमचेच तंत्रज्ञ येतील.

आपला,
(नाव, हुद्दा, सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक)

या मजकुरात सहयोगी संस्थेची स्तुती नाही, याकडे लक्ष द्यावे. ज्याला त्या संस्थेबद्दल जाणून घ्यायचे असेल, त्याच्यासाठी आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावरील एका पानाची जोड द्यावी. दुसऱ्याच्या संकेतस्थळाची थेट जोड दिल्यास ग्राहक बिचकतो. कारण सांगणाऱ्या वाक्यात आपली गेल्या वर्षीची उणीव मान्य केली आहे, हे काही मालकांना रुचत नाही. ग्राहकाने तो त्रास सोसलेला असतो. तो झालाच नाही, असे भासवणाऱ्या मेलवर त्याचा विश्वास बसण्याचे कारण नाही. सोसायटीच्या सचिवांना हा मजकूर कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवायचा असतो किंवा सूचनाफलकावर लावायचा असतो. म्हणून मजकूर छायाचित्राच्या स्वरूपात न पाठवता साध्या अक्षरांत पाठवावा आणि तो एका पानात छापून यावा.

संमतीचा प्रश्न

वरच्या नमुन्याच्या शेवटच्या परिच्छेदात 'हरकत असल्यास कळवा' असे न लिहिता 'संमती असल्यास कळवा' असे लिहिले आहे, ते मुद्दाम. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट हेतूसाठी, माहिती घेऊन आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते. ग्राहकाने उत्तर दिले नाही, म्हणजे त्याने होकार दिला, हा युक्तिवाद त्यात बसत नाही. दिलेली संमती मागे घेणेही ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागते. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुभा दिली आहे. तेवढी वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही. ग्राहकांची अख्खी एक्सेल फाइल सहयोगी संस्थेला पाठवून 'तुम्हीच सगळ्यांना मेल करा' असे सांगणे मुळातच गैर आहे. प्रत्येकाने आपल्या ग्राहकांना आपल्याच पत्त्यावरून कळवावे.

मराठीतून पाठवताना

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टंकलेला मजकूर मेलमध्ये चिकटवला, की समोरच्याला अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि पाठवण्यापूर्वी तो एका स्वस्त अँड्रॉइड फोनवर, एका आयफोनवर आणि कार्यालयातील आउटलुकमध्ये उघडून पाहावा. नावे आपोआप भरण्याची सोय वापरताना मराठी व्याकरण आडवे येते. 'ला', 'ने', 'चा' हे प्रत्यय नावाला थेट जोडले, तर 'सुनीताला' ठीक होते, पण 'कुलकर्णी' असेल तर 'कुलकर्णीला' असे अवघडलेले आणि अनादराचे रूप बाहेर पडते. नावानंतर 'यांना', 'यांनी', 'यांचा' अशी स्वतंत्र रूपे ठेवली, की कोणतेही नाव निमूटपणे बसते. 'श्री.' आणि 'श्रीमती' यांची नोंद यादीत खात्रीने नसेल, तर दोन्ही गाळून नुसते 'सप्रेम नमस्कार' लिहावे. मुंबईच्या यादीत गुजराती, हिंदी, इंग्रजी वाचणारेही असतात. त्यांच्यासाठी मराठीखाली इंग्रजी मजकूर द्यावा, मात्र दोन्हींतील तारखा आणि रकमा तिसऱ्या माणसाकडून ताडून घ्याव्यात.

पाठवण्याची तांत्रिक बाजू

ज्याला शंभर ग्राहक आहेत, त्यालाही हे लागू आहे: सर्वांचे पत्ते 'टू' किंवा 'सीसी'मध्ये टाकून मेल पाठवू नये, कारण त्यामुळे प्रत्येक ग्राहकाला इतर सर्वांचे पत्ते दिसतात. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला सुमारे ५०० जणांनाच मेल जातो, त्यामुळे यादी मोठी असेल तर मेल पाठवण्याची सशुल्क सेवा घ्यावी. आपल्या डोमेनसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्याव्यात. हा मेल खरोखर आपल्याकडूनच आला आहे, हे समोरच्या सर्व्हरला त्यांवरून पडताळता येते. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० पेक्षा अधिक मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत. जाहिरातवजा मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. मेल १०२ केबीपेक्षा जड झाला, तर जीमेल तो मध्येच कापून दाखवते, आणि कापला जातो तो नेमका खालचा, संमतीचा भाग.

वेळ

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया हे मुहूर्त करारासाठी उत्तम, पण मेलसाठी वाईट आहेत. त्या दिवशी शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात आपली सूचना हरवते. करार मुहूर्तावर करावा आणि मेल त्यानंतरच्या मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, लोक गाडीतून उतरून कामाला लागल्यावर पाठवावा. गणपतीच्या दिवसांत आणि पावसाने लोकल ठप्प झालेल्या दिवशी मेल पुढे ढकलावा. सेवेतील बदल प्रत्यक्ष लागू होण्याच्या किमान पंधरा दिवस आधी ग्राहकाला कळलेला असावा आणि बदलाच्या आदल्या दिवशी दोन ओळींचे स्मरणपत्र जावे.

सर्वांना एकाच वेळी पाठवण्यापेक्षा पहिल्या दिवशी पन्नास जणांना पाठवणे शहाणपणाचे ठरते. त्यांच्या उत्तरांवरून कोणते वाक्य कळले नाही, हे समजते आणि ते दुरुस्त करून उरलेल्यांना पाठवता येते. उत्तरांचा पत्ता 'नो-रिप्लाय' असा ठेवू नये. पहिल्या तीन दिवसांत आलेल्या प्रत्येक उत्तराला त्याच दिवशी माणसाने लिहिलेले उत्तर जावे आणि ज्यांचा मेल परत आला, त्यांना फोन करावा. मुलुंडच्या त्या सोसायटीच्या सचिवांना मी नंतर दुरुस्त मजकूर पाठवला, तेव्हा त्यांनी एकच प्रतिप्रश्न केला होता, "रात्री आठनंतर कोणी येणार का? त्या वेळी फाटकावर दुसरा रक्षक असतो." तंत्रज्ञांच्या भेटीची वेळ तेव्हापासून आमच्या प्रत्येक मसुद्यात गणवेशाच्या ओळीशेजारी असते, आणि वरच्या नमुन्यात आपण आपली वेळ त्याच जागी भरावी.